घासलेटमधला गॅस

घासलेट हा शब्द आता आपल्या घरांतून निघून चालला आहे. रेशनच्या दुकानापुढे डबा आणि नरसाळे घेऊन लागणारी रांग ज्यांनी पाहिली, त्यांच्याच तोंडी तो राहिला आहे. पण या शब्दाकडे जरा लक्ष देऊन पाहिले तर एक गंमत हाती लागते. ‘घासलेट’ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून इंग्रजीतला ‘गॅस लाइट’. आपल्या लोकांच्या जिभेवर तो घोळला, घासला गेला आणि ‘घासलेट’ झाला. त्याच तेलाचे दुसरे नाव ‘रॉकेल’. तेही ‘रॉक ऑइल’, म्हणजे खडकातले तेल, यावरून आलेले. एका नावात हे तेल कुठून आले ते सांगितले आहे, दुसऱ्यात ते कशासाठी वापरायचे ते.

हे आठवण्याचे कारण असे, की या सदराच्या वाचकांकडून दोन प्रश्न आमच्याकडे आले आहेत. पहिला प्रश्न एका शाळकरी मुलाचा. त्याच्या दादींनी त्याला सांगितले, की पूर्वी शादीच्या वरातीत, उरुसाच्या संदलमध्ये, मोहरमच्या ताबुतांपुढे डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे चालत. त्या बत्तीत घासलेट भरत. मग घासलेटच्या बत्तीला गॅसबत्ती का म्हणायचे? दुसरा प्रश्न एका भगिनीचा. रमजानमध्ये भजी, समोसे, कटलेट तळून तळून तेलाचा डबा भरतो. ते तेल बंद डब्यात तापवून त्याचा गॅस करता येतो आणि त्यावर शेगडी चालते, असे त्यांच्या मुलाने मोबाइलवर पाहिले आहे. तो मागच्या अंगणात हा प्रयोग करायला निघाला आहे. करू द्यावा का?

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र घाईचे असल्यामुळे आधीच सांगून टाकतो: करू देऊ नका. का, ते पुढे येईलच.

सुरुवात साध्या मेणबत्तीपासून करू. तेल जळते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात द्रव तेल जळत नाही. वातीतून वर चढलेले तेल ज्योतीच्या उष्णतेने आधी वाफ होते आणि ती वाफ हवेशी मिसळून जळते. खात्री करायची असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने मुलांना हे दाखवावे. मेणबत्ती पाच मिनिटे जळू द्या, मग हळूच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाईल. पेटलेली काडी वातीला न लावता, वातीच्या दोन बोटे वर, त्या धुराच्या रेघेत धरा. ज्योत रेघेवरून खाली उडी मारून वात पेटवते. तो धूर नव्हताच, ती मेणाची वाफ होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने देत. त्यांत एका मेणबत्तीवर त्यांनी एक अख्खी व्याख्यानमाला गुंफली होती. काचेच्या नळीने ज्योतीच्या पोटातली वाफ बाहेर आणून ते नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवत.

म्हणजे प्रत्येक दिवा, मग तो चिमणी असो, कंदील असो की पणती, हा एक छोटासा गॅसचा कारखानाच आहे. गॅस तिथेच तयार होतो, तिथेच जळून जातो. ज्योत पिवळी दिसते ती वाफेतल्या कार्बनच्या बारीक कणांमुळे. ते कण तापून लालपिवळे चमकतात. ज्योतीवर थंड चमचा धरला की तेच कण काजळ होऊन चमच्याला चिकटतात.

आता हा कारखाना दिव्यातून बाहेर काढला तर? तेल एका ठिकाणी तापवायचे, त्याचा गॅस साठवायचा आणि नळीने घरभर फिरवायचा. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लोकांनी नेमके हेच केले.

त्याच्याही आधी कोळशाचा गॅस आला होता. विल्यम मर्डॉक या स्कॉटिश माणसाने १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरूथ गावी आपले घर कोळशाच्या गॅसने उजळले. १८१२ मध्ये लंडनमध्ये गॅस कंपनी स्थापन झाली. पण कोळशाच्या गॅसला एक खोड होती. कोळशात गंधक असते, त्यामुळे गॅसला घाण वास येई, पडदे आणि चांदीची भांडी काळवंडत. तो चुन्यातून गाळावा लागे. त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर विषारीच. त्या काळी दिव्यांसाठी देवमाशाचे आणि इतर माशांचे तेल मुबलक वापरात होते. तेलात गंधक नाही. मग त्याचाच गॅस का करू नये? १८१५ मध्ये टेलर नावाच्या इंग्रज कारागिराने अशा यंत्राचे पेटंट घेतले.

यंत्र ऐकायला सोपे होते. लोखंडाचा एक बंद नळा भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा. आत विटांचे किंवा कोकचे तुकडे भरायचे, म्हणजे तापलेला पृष्ठभाग वाढतो. वरून तेलाची बारीक धार सोडायची. घासलेट साधारण दीडशे ते तीनशे अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळून वाफ होते, पण ही वाफ थंड झाली की पुन्हा तेलच होते. तिचा कायमचा गॅस करायचा तर उष्णता सातशे-आठशे अंशांपर्यंत न्यावी लागते. तिथे तेलाचे लांबलचक रेणू तुटतात आणि मिथेन, इथिलीन असे लहान रेणू तयार होतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला भंजन म्हणतात. हे लहान रेणू थंड झाले तरी गॅसच राहतात.

नळा कमी तापला तर तेल अर्धवट तुटते आणि पुढच्या नळ्यांत डांबर साचते. जास्त तापला तर सगळेच तुटून नळ्यात काजळी भरते आणि उरलेल्या गॅसला उजेड राहत नाही. सगळी करामत त्या मधल्या तापमानात होती आणि ते मोजायला जवळ थर्मामीटर नव्हता. नळ्याचा रंग पाहून, बाहेर पडणाऱ्या वाफेचा आणि डांबराचा रंग पाहून माणूस भट्टी सांभाळत असे. बिर्याणीच्या दमाचा अंदाज घेणारा आचारी असतो ना, तसाच हा माणूस. त्याचा अंदाज चुकला तर मात्र दाणा कच्चा राहण्यापेक्षा बरेच काही जास्त बिघडे.

तयार झालेला गॅस पाण्यातून नेत, म्हणजे डांबर खाली बसे. मग तो एका उलट्या टाकीखाली साठत असे. पाण्याच्या हौदात एक मोठी लोखंडी टाकी पालथी घातलेली असते. गॅस आला की ती वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. टाकीच्या वजनानेच नळ्यांत दाब राहतो आणि हौदातले पाणी गॅसला बाहेर जाऊ देत नाही. गावाकडे गोबर गॅसची वरखाली होणारी टाकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र सहज कळेल. तत्त्व अगदी तेच. (गोबर गॅसवरून आठवले: मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणारा गॅस दिव्यांसाठी वापरला गेला होता. ज्यांना गावाने बाहेर काढले त्यांच्या अंगणात हा नवा उजेड आधी पोचला.)

एका गॅलन तेलातून शंभर घनफुटांच्या आसपास गॅस निघे. हा गॅस कोळशाच्या गॅसपेक्षा दुपटीहून अधिक उजेड देई, म्हणून बर्नरची भोकेही बारीक ठेवावी लागत. मोठी ठेवली की धूर. यंत्र लहान, चुन्याची भानगड नाही, दुर्गंध कमी. त्यामुळे तेलाचा गॅस हा खास मोठ्या घरांचा, बंगल्यांचा गॅस ठरला. शहरातल्या नळापासून दूर राहणाऱ्या श्रीमंतांनी आपल्या आवारातच भट्टी मांडली.

त्यातले एक गाजलेले घर म्हणजे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचे स्कॉटलंडमधले ॲबट्सफर्ड. स्कॉट हे एडिंबरोच्या तेल-गॅस कंपनीचे अध्यक्षच होते, तेव्हा स्वतःच्या घरात तो न आणून कसे चालेल? १८२३ मध्ये त्यांनी घरभर गॅसचे दिवे लावले. त्यांचे जावई लॉकहार्ट यांनी स्कॉट यांचे मोठे चरित्र लिहिले आहे, त्यात या दिव्यांचे वर्णन येते. पाहुणे जेवायला बसले तेव्हा झुंबरांत लाल ठिपक्याएवढी ज्योत होती, कुणाच्या लक्षातही आली नाही. सूर्य मावळला, कुणीतरी चावी फिरवली आणि एका क्षणात दालन लख्ख झाले. लॉकहार्ट यांना अलादीनचा महाल आठवला. पण पुढे ते म्हणतात, की अलादीनच्या गोष्टीप्रमाणे इथेही जुना दिवाच बरा होता. त्या प्रखर उजेडात दागिने चमकले, पण माणसांचे चेहरे फिकट दिसू लागले. फार वेळ बसले की डोळे शिणत, कपाळ दुखे. आमच्या मते लॉकहार्ट यांनी नव्या वस्तूविषयी फार मोलाची नोंद केली आहे. यंत्र विकणारा उजेड किती ते सांगतो. त्या उजेडाखाली बसणाऱ्याला काय होते ते घरातल्या माणसालाच ठाऊक असते.

ज्यांच्या घरी भट्टी मांडायला जागा नव्हती त्यांच्यासाठी लंडनमध्ये एक कंपनी निघाली. ती तेलाचा गॅस तीस वातावरणांच्या दाबाखाली लोखंडी-तांब्याच्या भांड्यांत भरून घरपोच देत असे. म्हणजे आपल्या सिलिंडरचा पणजोबाच. इतका दाब दिला की गॅसमधून एक पातळ द्रव खाली साचे. हजार घनफूट गॅसमागे जवळजवळ एक गॅलन. कंपनीला ती कटकट होती. फॅरडे यांनी तो द्रव तपासायला घेतला आणि १८२५ मध्ये त्यातून एक नवा पदार्थ वेगळा काढला. आज आपण त्याला बेंझिन म्हणतो. पुढे रंग, औषधे, प्लॅस्टिक यांचे केवढे तरी रसायनशास्त्र या एका पदार्थावर उभे राहिले. मेणबत्तीवर बोलणारे फॅरडे ते हेच.

एवढे असूनही घरगुती तेल-गॅसचा धंदा काही वर्षांतच बसला. कारण साधे होते. तेल महाग, कोळसा स्वस्त. देवमासे मारून आणलेल्या तेलाला जाळून गॅस करण्यापेक्षा ते तेल सरळ दिव्यात घालणे परवडे. कंपन्या बंद पडल्या किंवा कोळशाकडे वळल्या. अपघातांनीही लोकांचा धीर सुटला. लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरमध्ये १८२८ साली गॅसचा स्फोट होऊन माणसे दगावली.

पुढे जमिनीतले तेल मुबलक निघू लागले तेव्हा या विद्येला दुसरा जन्म मिळाला, तोही घरात नव्हे, रेल्वेत. बर्लिनच्या युलियुस पिंच यांनी खनिज तेलाचा गॅस दाबून डब्याखालच्या टाक्यांत भरायची पद्धत बसवली. आपल्याकडच्या आगगाड्यांतही विजेच्या आधी गॅसचे दिवे होते. समुद्रातल्या बोयांवर आणि सुएझ कालव्यातही या गॅसचे दिवे लागले. पण लाकडी डब्याखाली गॅसची टाकी म्हणजे काय, ते २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधल्या क्विंटिन्सहिल इथे दिसले. गाड्यांची टक्कर झाली, टाक्यांतला गॅस पेटला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांतले बहुतेक आघाडीवर निघालेले सैनिक होते.

आपल्या देशात तेलाचा गॅस सर्वांत जास्त टिकला तो कॉलेजांच्या प्रयोगशाळांत. विज्ञान शाखेच्या जुन्या इमारतीच्या मागे एक वेगळी खोली असे. तिथे तापलेल्या नळ्यात घासलेटची धार सोडून गॅस केला जाई आणि तो मुलांच्या टेबलावरच्या बर्नरपर्यंत येई. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सिलिंडर येण्याआधी बी.एस्सी. केले असेल त्यांना तो वास आठवेल.

मुंबईचा गॅस मात्र कोळशाचा होता. वाडिया घराण्यातले जहाजबांधणी करणारे अर्देशर कर्सेटजी यांनी १८३४ मध्येच माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावून मुंबईला थक्क केले होते. पुढे १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. रस्त्यावर गॅस आला तो १८६५ च्या ऑक्टोबरात. पहिल्यांदा उजळलेल्या रस्त्यांत एस्प्लनेड आणि चर्चगेटबरोबर आपला भेंडीबाजारही होता. दिवे लावणारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाई आणि त्याच्यामागून बघ्यांची गर्दी चालत राही, अशी नोंद आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे पणजोबा तेव्हा त्याच मोहल्ल्यात राहत असतील. त्या गर्दीत तेही असतील, कोण जाणे.

घासलेट आपल्याकडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, डब्यांतून. आता जमिनीतले तेल गाळून शुद्ध करण्याची कला त्याआधी हजार वर्षे माहीत होती, हे इथे सांगायला हवे. नवव्या-दहाव्या शतकातले रय शहराचे हकीम अबू बक्र अल-राझी यांनी ‘किताबुल असरार’ या ग्रंथात काळ्या ‘नफ्त’पासून पांढरे नफ्त काढण्याची कृती दिली आहे. त्यात माती किंवा नवसागर मिसळायचा आणि अल-अंबिक, म्हणजे अर्क काढायच्या भांड्यातून ते पुनःपुन्हा ओढायचे, तेल नितळ होईपर्यंत. आजचा ‘नाफ्ता’ हा शब्द त्या ‘नफ्त’चाच सोयरा. पण तेल नितळ करणे वेगळे आणि तेल तोडून गॅस करणे वेगळे. दुसऱ्या कामाला लागणारी भट्टी पुढच्या काळातली आहे.

आता शाळकरी मुलाच्या प्रश्नाकडे येतो. गॅसबत्तीच्या बुडाशी घासलेटची टाकी असते. पंपाने तिच्यात हवा भरली की तेल वर चढते. त्याआधी एका वाटीत स्पिरिट पेटवून वरची नळी तापवून घ्यावी लागते. तापलेल्या नळीतून जाताना घासलेटची वाफ होते. ती बारीक भोकातून जोराने सुटते, सोबत हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये जाऊन जळते. म्हणजे टाकीत तेल, पण जळतो तो वायू. म्हणून गॅसबत्ती. एकदा पेटली की तिच्याच उष्णतेने नळी तापती राहते, स्पिरिट पुन्हा लागत नाही.

इथे ज्योत निळी असते, तिला स्वतःचा उजेड जवळजवळ नसतोच. उजेड देते ती मेंटलची जाळी. व्हिएन्नाचे कार्ल आउअर यांनी १८८५ मध्ये तिची कल्पना आणली आणि १८९१ पर्यंत ती पक्की केली. सुती पिशवी थोरियम आणि सिरियमच्या क्षारांत भिजवायची. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाते, मागे राखेची जाळी उरते. तिच्यात ९९ टक्के थोरियमचा ऑक्साइड आणि एक टक्का सिरियमचा. ती तापली की पांढरीशुभ्र चमकते. बोट लागले तर मात्र क्षणात चुरा. या जाळीने साऱ्या गॅसचे गणितच बदलले. उजेड आता ज्योतीचा राहिला नाही, त्यामुळे महाग, उजेड देणाऱ्या गॅसची गरजच संपली. कसलाही गरम जळणारा गॅस चालू लागला.

त्या जाळीचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९०९ च्या सुमारास शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्यात चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले. मोनाझाइटमध्ये थोरियम असते. मग मणवाळकुरिचीच्या किनाऱ्यावरून ही वाळू जर्मनीला जाऊ लागली, गॅसच्या मेंटलसाठी.

आता त्या भगिनीच्या मुलाकडे. तळणाच्या तेलातून जळणारा गॅस निघतो का? निघतो. माशाच्या तेलातून निघत होता तर करडई-सोयाबीनच्या तेलातूनही निघेल. पण वर सांगितलेली भट्टी आठवा. सातशे-आठशे अंश, बंद भांडे. पहिला धोका आतल्या हवेचा. नळ्यात आणि टाकीत सुरुवातीला हवा असते; ती पूर्ण बाहेर काढण्याआधी ठिणगी लागली तर भांडे फुटते. कारखान्यांत पहिला गॅस सोडून देत, तो त्यासाठीच. दुसरा धोका तुंबण्याचा. काजळी आणि डांबराने नळी बंद झाली की दाब वाढत जातो आणि पत्र्याचा डबा तो सोसत नाही. तिसरा धोका वास्तविक स्वयंपाकघरातच रोज असतो. खाद्यतेल फार तापले की त्यातल्या ग्लिसरिनपासून ॲक्रोलिन तयार होते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. आणखी तापले, साडेतीनशे अंशांच्या पुढे गेले, की ज्योत न लावताही ते आपोआप पेटते. शिवाय खाद्यतेलाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही. मोबाइलवर दोन मिनिटांच्या चित्रफितीत निळी ज्योत दिसते. या गोष्टी दिसत नाहीत.

मुलाची हौस मारू नका. मेणबत्तीचा प्रयोग त्याला करू द्या, फॅरडेंविषयी वाचायला द्या. अशी मुले पुढे चांगली इंजिनिअर होतात, फक्त त्यांना दहाही बोटांसह मोठे होऊ द्या.

मग तेलाचे काय करायचे? एकदा तळलेले तेल गाळून फोडणीला, पराठ्याला दोन-तीन दिवसांत वापरून टाकावे. काळे पडलेले, फेसाळणारे, लगेच धुरावणारे तेल पुन्हा कढईत घालू नये. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड’ची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, त्यापुढचे तेल खाण्यास अयोग्य. घरी हे मोजता येत नाही, नाक आणि डोळे हीच घरची मोजमापे. हे तेल मोरीत ओतू नका, थंडीत ते गोठून नळ तुंबवते. थंड झाल्यावर बाटलीत भरून ठेवा. अशा तेलाचे बायोडिझेल करणारे कारखाने आहेत आणि काही शहरांत ते गोळा करणारेही आहेत. हॉटेलवाले तेल कुणाला देतात, याची चौकशी केली तर वाट सापडते. इफ्तारच्या वेळी साऱ्या इमारतीचे तेल एकत्र झाले तर कुणीही न्यायला येईल.

आणि कढईने पेट घेतलाच तर पाणी टाकू नका. पाणी तेलाखाली जाते, क्षणात वाफ होते. पाण्याच्या सतराशे पट जागा त्या वाफेला लागते आणि ती पेटते तेल छतापर्यंत उडवते. शेगडी बंद करा, कढईवर सपाट झाकण सरकवा आणि थंड होईपर्यंत उघडू नका. सिलिंडरचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, बटण चालू किंवा बंद काहीच करू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. आपला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकीपेक्षाही दार उघडणे महत्त्वाचे.

घासलेटविषयी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य आपल्या राज्यात एके काळी वर्तमानपत्रांत वरचेवर येई. काही भडके भेसळीचे होते, घासलेटमध्ये पेट्रोल मिसळलेले असे. काही स्टोव्हचे नव्हतेच, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असे आणि कुणी बोलत नसे. घासलेट गेले म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

माळ्यावर जुनी गॅसबत्ती असेल आणि वीज जाते तेव्हा लावायची इच्छा होत असेल, तर काही गोष्टी तपासा. टाकीला गंज किंवा तडा असेल तर ती फक्त शोभेला ठेवा. पंपाचा चामडी वॉशर सुकलेला असतो, तो बदलून घ्या. भोकाची सुई वाकलेली नको. टाकी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका आणि पेट्रोल चुकूनही घालू नका. बंद खोलीत लावू नका, एक खिडकी उघडी हवी. जुन्या मेंटलमधले थोरियम किंचित किरणोत्सारी असते. म्हणून फुटलेल्या मेंटलची राख फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि हात धुवा. पेटती बत्ती लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि विझवल्यावर टाकीच्या झाकणाचा स्क्रू सैल करून आतला दाब सोडायला विसरू नका.